दोघांचं जुळलं, तरी तिसरा हवाच!

मुलामुलींनो, आज गप्पांच्या आधी एक काम. आपली फूटपट्टी काढा. शेजारच्याची आणखी एक मागून घ्या. (परत द्यायची बरं का!) आता दोन्ही पट्ट्या कडेला कड लावून उभ्या धरा आणि खिडकीच्या उजेडाकडे बघा. दोन कडांच्या मधून उजेडाची बारीकशी रेघ दिसते का?

दिसली तर एक गोष्ट नक्की. दोघींपैकी एक तरी पट्टी वाकडी आहे. पण कोणती? तुमची की शेजारच्याची? सांगता येईल?

आणि समजा, उजेड अजिबात दिसला नाही. मग काय म्हणाल? "दोन्ही पट्ट्या सरळ आहेत!" असंच ना? थांबा, एवढी घाई नको. आजचा सगळा लेख या एका "थांबा"साठीच आहे.

आधी घरात एक चक्कर मारू. देवघरातली सहाण पाहा. आजी रोज तिच्यावर गंध उगाळते. नवी आणली तेव्हा ती सपाट होती. आता मधोमध बोट फिरवा, खळगा लागेल. पाटा-वरवंटा असेल तर पाट्याचंही तेच. न्हाव्याच्या किंवा सुताराच्या दुकानातला धार लावायचा दगड पाहा, जुन्या देवळाच्या पायऱ्या पाहा. सगळे मधेच झिजलेले. असं का? कारण सोपं आहे. आपला हात, आपलं हत्यार, आपला पाय सगळ्यात जास्त वेळा मधूनच जातो. कडेला कोण जातंय?

दगड झिजतो हे आपल्याला पटतं. पण लोखंड? तेही झिजतं. फक्त इतकं हळू, की रोज पाहणाऱ्याला पत्ताच लागत नाही. आणि खरी गंमत (आणि खरा धोकाही) तिथंच आहे.

आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात. त्यांच्या घराच्या पडवीत छोटं वर्कशॉप आहे. एक जुना लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि भिंतीशी हिरव्या रंगाचं एक सरफेस ग्राइंडर. काका एका कारखान्याला लोखंडाचे छोटे छोटे ठोकळे करून देतात. काम दिसायला साधं, पण प्रत्येक ठोकळ्याची जाडी अगदी ठरल्याप्रमाणे हवी. किती ठरल्याप्रमाणे? एका मिलिमीटरचे शंभर भाग करा. त्यातले दोन भाग इकडेतिकडे झालेले चालतील, तिसरा चालणार नाही!

"बाई, एवढं कसं मोजणार?" असं आमच्या वर्गानेही विचारलं होतं. तुम्ही आधी घरच्या घरी एक मोजमाप करा. २०० पानी वही घ्या. २०० पानं म्हणजे १०० कागद. पुठ्ठे सोडून त्या शंभर कागदांची जाडी पट्टीने मोजा. ७ ते ८ मिलिमीटर भरेल. म्हणजे एक कागद साधारण ०.०७ ते ०.०८ मिलिमीटर. झालं की नाही मोजून? आता काकांना चालणारी चूक किती, तर त्या एका कागदाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी.

हे मोजण्यासाठी काकांकडे दोन वस्तू होत्या. एक बिडाचा मोठा ठोकळा. बीड म्हणजे ज्याचे जड तवे असतात ते ओतीव लोखंड. हा ठोकळा १० इंच लांब, ५ इंच रुंद आणि २ इंच जाड, वजन बारा किलोच्या आसपास. काकांच्या वडिलांनी तो वापरलेला. दुसरी वस्तू म्हणजे डायल गेजचा स्टँड. डायल गेज हे घड्याळासारखं दिसणारं यंत्र. त्याच्या खाली एक टोक असतं. ते टोक केसाएवढं जरी वर उचललं गेलं, तरी काटा फिरतो. बिडाच्या ठोकळ्यावर स्टँड ठेवायचा, शेजारी तयार झालेला भाग ठेवायचा, डायलचं टोक त्याला टेकवायचं आणि काटा वाचायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

आणि एक दिवस माल परत आला. काही भाग जाड, काही पातळ! काकांना खरंच वाटेना. प्रत्येक भाग त्यांनी स्वतः मोजून दिला होता. पैसे अडकले, नवीन काम थांबलं. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले.

काकांनी पहिल्यांदा काय केलं असेल? त्यांनी स्टँड ठोकळ्यावर ठेवून हलवून पाहिला. डुगडुगला नाही. मधून उजेड पाहिला. दिसला नाही. दोघं एकमेकांना असे चिकटून बसले होते जसा डबा आणि त्याचं झाकण! मग चूक कुठं असणार?

तुम्हीच सांगा. तर्क करा. पुढचं वाचण्याआधी एक मिनिट डोळे मिटून विचार करा.

केलात? आता ऐका. काकांचे एक मित्र आयटीआयमध्ये शिकवतात. त्यांच्याकडे ग्रॅनाइटची एक जाड पाटी आहे, तपासून घेतलेली, सपाट. तिच्यावर त्यांनी तेलातला निळा रंग अगदी पातळ पसरला. इतका पातळ की रंग आहे की नाही अशी शंका यावी. मग बिडाचा ठोकळा उलटा करून हलकेच तिच्यावर सरकवला आणि उचलून पाहिला. रंग लागला होता फक्त चारी कडांना. मधला भाग कोरडा! म्हणजे मधे खळगा. मग स्टँडची बैठक तशीच टेकवून पाहिली. तिथं उलटं. रंग फक्त मधे, कडा कोरड्या! म्हणजे मधे फुगवटा.

आलं लक्षात? स्टँड रोज ठोकळ्यावर सरकत होता. सरकता सरकता त्याने ठोकळा मधे खोल केला. आणि ठोकळ्याने स्टँडच्या कडा घासून त्याला फुगीर केलं. दोघं एकमेकांना घासत गेले, एकमेकांसारखे होत गेले. दोघांचं जुळत होतं, शंभर टक्के जुळत होतं. आणि दोघंही चुकीचे होते!

आता भाग जाड-पातळ का झाले तेही कळेल. समजा शाळेत तुमची उंची मोजायची आहे आणि तुम्हाला खड्ड्यात उभं केलं. तुम्ही बुटके भराल की नाही? तसंच भाग खळग्यात ठेवला आणि स्टँड कडेला राहिला, की भाग आहे त्यापेक्षा पातळ भासायचा. काका म्हणायचे, "झालं, आता घासायला नको." तो भाग खरं तर जाड राहायचा. उलट स्टँड खळग्यात आणि भाग कडेला असला, की भाग जाड भासायचा. मग काका तो आणखी घासायचे आणि तो जास्तच पातळ व्हायचा.

खळगा किती होता माहीत आहे? ०.०८ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या वहीचा एक कागद! एका कागदाएवढ्या खळग्याने एका घराची झोप उडवली.

काकांचा मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारात घाला तो ठोकळा. नवीन आणू." काका म्हणाले, "ठोकळा वाईट नाही. झिजलाय. झिजलेलं सरळ करता येतं." ते काम त्यांनी रविवारी काढलं आणि मी सातवीच्या मुलामुलींना घेऊन पाहायला गेले. लांबून, भिंतीशी उभं राहून.

सरफेस ग्राइंडर म्हणजे काय, ते आधी सांगते. एक लांबट टेबल असतं, ते डावीकडून उजवीकडे आणि परत असं सरकतं. टेबलावर एक चुंबक बसवलेलं असतं. दांडा फिरवला की चुंबक चालू होतं आणि लोखंडाचा ठोकळा जागेवर घट्ट धरून ठेवतं. वर एक दगडी चाक गरगर फिरतं. ठोकळा त्याच्या खालून जातो आणि चाक त्याची अगदी पातळ साल काढतं.

हे चाक म्हणजे लाखो बारीक, धारदार कणांची वडी. कसले कण? एक जात कुरुंदाची. कुरुंदाचा दगड आपल्याकडे फार जुन्या काळापासून धार लावायला वापरतात. इंग्रजीत त्याला कोरंडम म्हणतात. तो शब्द त्यांनी तमिळमधल्या 'कुरुंदम'वरून घेतला. हिऱ्याच्या खालोखाल कठीण अशा मोजक्या खनिजांत त्याची गणना होते. आज चाकांसाठीचे कण भट्टीत तयार करतात. बिडासाठी बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचे, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे कण वापरतात. घासता घासता एखादा कण बोथट झाला की तो तुटतो किंवा निसटतो आणि खालचा नवा कण पुढे येतो.

चाक बसवण्याआधी काकांनी ते बोटावर अडकवलं आणि लाकडी मुठीने हलकेच वाजवलं. टण्ण! स्वच्छ आवाज आला. आपण बाजारात माठ घेताना वाजवून घेतो ना, अगदी तसं. आवाज बद्द आला तर चाकाला तडा असतो. असं चाक फिरवलं तर ते फुटून बंदुकीच्या गोळीसारखे तुकडे उडतात.

खोटं वाटतं? गणित करा. चाक ७ इंचाचं, म्हणजे १७.८ सेंटिमीटर व्यासाचं. परीघ सुमारे ५६ सेंटिमीटर. मिनिटाला २,८०० फेरे. म्हणजे चाकाची कड एका मिनिटात सुमारे १,५६८ मीटर जाते. तासाला? सुमारे ९४ किलोमीटर! म्हणून चाकावर लोखंडी झाकण हवं, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि ओढणी, सैल बाही, मोकळे केस यांना तिथे मज्जाव. आणि तुम्हाला माझं स्पष्ट सांगणं आहे, असलं यंत्र चालवायचं ते मोठं झाल्यावर, नीट शिकून. आत्ता फक्त बघायचं, तेही चाकाच्या रेषेत समोर उभं न राहता.

आता काकांनी काय केलं ते क्रमाने बघा.

पहिलं काम, कानस घेऊन ठोकळ्याच्या कडांचे उचललेले बारीक काटे काढले. खाली एक कण जरी राहिला तरी सगळं तिरकं होणार. मग चुंबक आणि ठोकळा दोन्ही पुसले आणि शेवटी तळहात फिरवून पाहिला. काका म्हणाले, "फडक्याला कळत नाही ते तळहाताला कळतं." (चाक बंद असतानाच हं!)

दुसरं काम ऐकून नवल वाटेल. खळग्याची बाजू त्यांनी वर ठेवलीच नाही, खाली ठेवली! का बरं? खळगा खाली असला की ठोकळा कडांवर टेकतो आणि डुगडुगत नाही. मधे फुगवटा असलेली बाजू खाली असती तर तो परातीसारखा डुलला असता. तर आधी पाठीकडची, गंजाचे डाग असलेली बाजू थोडीशी घासून स्वच्छ केली. मग ठोकळा उलटला. आता नव्या, सपाट पाठीवर तो पक्का बसला आणि खळग्याची बाजू वर आली.

तिसरं काम मुलांच्या सगळ्यात आवडीचं. काकांनी एक निळा मार्कर आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, "सगळ्या ठोकळ्यावर आडव्या-उभ्या रेघा मार." तिने मारल्या. मग यंत्र सुरू झालं. चाक एका वेळी खाली किती आणायचं? ०.०१ मिलिमीटर. बस्स! दुधासारखं पांढरं पाणी धो धो वाहत होतं. (ते दूध नव्हे, पाण्यात मिसळलेलं खास तेल.) पहिल्या घासणीत फक्त कडांच्या रेघा गेल्या. दुसऱ्या घासणीत थोड्या आणखी. रेघांचं बेट लहान लहान होत चाललं. आधी पोळीएवढं, मग पुरीएवढं, मग बत्ताशाएवढं. मुलं श्वास रोखून बघत होती. शेवटी एक इवलीशी निळी रेघ राहिली, आणि गेली! जिथली रेघ सगळ्यात शेवटी पुसली जाते, तीच सगळ्यात खोल जागा.

इथं एक विचार करा. खळगा भरून काढला का? नाही! लोखंड वर चिकटवता येत नाही. मग सपाट कसं झालं? सगळ्या उंच जागा सगळ्यात खोल जागेइतक्या खाली आणल्या. गेलेलं परत आलं नाही, ठोकळा तेवढा कायमचा बारीक झाला. म्हणून चांगला कारागीर गरजेपेक्षा एक घासणीही जास्त घेत नाही. आणि खळगा कागदाएवढा असतानाच लक्षात आला तर कागदाएवढंच गमवावं लागतं. पुठ्ठ्याएवढा होईपर्यंत थांबलो, तर पुठ्ठ्याएवढं.

"काका, एकदाच ०.०८ खाली आणून पटकन का नाही घासत?" एका मुलाने विचारलं. काका म्हणाले, "घाईने घासलं की लोखंड तापतं. तापलं की फुगतं." हेही मोजता येतं. १० सेंटिमीटर लांबीचं बीड १० अंशांनी तापलं, तर सुमारे ०.०१ मिलिमीटरने लांब होतं. घासताना ठोकळ्याची वरची बाजू तापते, खालची गार राहते. मग वरची बाजू लांब होते आणि ठोकळा मधे किंचित उचलला जातो. चाक तो उचललेला भाग कापून टाकतं. त्या वेळी दिसतं सपाट. ठोकळा गार झाला की मधे पुन्हा खळगा! म्हणून ते पाणी, म्हणून ते ०.०१, आणि म्हणून शेवटी चाक खाली न आणता ठोकळा नुसताच तीन-चार वेळा फिरवायचा, ठिणग्या संपेपर्यंत.

पातळ पट्टीची तर आणखी एक खोडी असते. वाकडी पट्टी चुंबक जोराने ओढून सपाट करतं. वरून घासली की छान दिसते. चुंबक बंद केलं की पट्टी आपली टुणकन पुन्हा वाकडी! दाबून सरळ केलेलं आणि मुळात सरळ असलेलं, यांत फरक असतो तो असा. अशा वेळी वाकडेपणाच्या फटीत कागदाच्या घड्या भरून पट्टी न ओढता टेकवतात, आणि मग घासतात.

काम संपलं. ठोकळा आरशासारखा नाही, पण रेशमी चमकत होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "अजून कुठे? आधी तिसऱ्याला विचारू." ठोकळा गार होऊ दिला आणि मग ग्रॅनाइटच्या पाटीवर रंग लावून पुन्हा पाहिला. या वेळी निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटले. स्टँडच्या बैठकीलाही तसंच सरळ केलं. तेव्हा कुठे काका हसले.

परत आलेल्या मालाचं काय झालं? जाड होते ते भाग पुन्हा घासून दिले. पातळ झालेले भंगारात गेले. त्यांना इलाज नव्हता.

परत येताना मार्करवाल्या मुलीने मला एक प्रश्न विचारला, "बाई, ठोकळा मशीनने सपाट केला. मशीन ग्रॅनाइटच्या पाटीसारख्या कशानेतरी सपाट केलं असेल. ती पाटी दुसऱ्या पाटीने. पण जगातली पहिली सपाट पाटी कशावरून केली?"

शाबास! असा प्रश्न सुचला की समजावं, पोरगी विचार करायला लागली. याचं उत्तर फार सुंदर आहे.

इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाचा एक कारागीर होऊन गेला. जन्म १८०३ सालचा. १८२५ मध्ये तो लंडनला हेन्री मॉडस्ली या नामांकित यंत्रकाराच्या कारखान्यात कामाला लागला. त्या कारखान्यात कामगारांच्या टेबलांवर सपाट लोखंडी पाट्या ठेवलेल्या असत, आपलं काम त्यांवर तपासून पाहण्यासाठी. पुढे व्हिटवर्थने १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. १८४० मध्ये ग्लासगो शहरात शास्त्रज्ञांची सभा भरली होती. तिथं त्याने खऱ्या सपाट पाट्या कशा कराव्यात यावर निबंध वाचला. १८४१ मध्ये त्याने सुचवलेल्या बोल्टच्या आट्यांना आजही 'व्हिटवर्थ' म्हणतात. जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना विचारा, त्यांना हे नाव ठाऊक असेल.

त्या काळी दोन पाट्या घ्यायच्या, मधे कुरुंदाची पूड टाकायची आणि एकमेकींवर घासायच्या, अशी रीत होती. व्हिटवर्थ म्हणाला, हे बरोबर नाही. पूड सगळीकडे सारखी पसरत नाही. आणि दोनच पाट्या घासल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊ शकते. आपल्या काकांच्या ठोकळ्याची आणि स्टँडची झाली तशी! (दुर्बिणीचा आरसा करणारे हौशी लोक ही गोष्ट मुद्दाम घडवून आणतात. काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर घासायच्या, वरची खोलगट होते आणि खालची फुगीर. खोलगट चकतीचा आरसा. पुण्याच्या आयुका संस्थेत अशा दुर्बिणी करायला शिकवणाऱ्या कार्यशाळा झालेल्या आहेत.)

मग उपाय काय? तीन पाट्या! घासायच्या नाहीत. रंग लावून एकमेकींवर टेकवायच्या आणि जिथं रंग लागेल ती उंच जागा धारदार हत्याराने खरवडायची. पण तीनच का?

स्वयंपाकघरातून तीन सारखे चमचे आणा. पहिला चमचा उताणा ठेवा, खोलगट बाजू वर. दुसऱ्या चमच्याची पाठ त्यात बसवा. छान जुळली! दुसरा काढा आणि तिसऱ्याची पाठ बसवून पाहा. तीही जुळली! पहिल्याशी दोघांचं उत्तम जमतं. आता दुसऱ्याची पाठ आणि तिसऱ्याची पाठ एकमेकींना लावा. काय झालं? फक्त एका ठिपक्यावर टेकतात आणि डुगडुगतात! चोरी पकडली की नाही?

पाट्यांचं असंच असतं. पहिली खोलगट असेल तर तिच्याशी जुळणाऱ्या दुसरी आणि तिसरी दोन्ही फुगीर होणार, आणि त्या दोघी भेटल्या की भांडणार. मग त्या दोघींच्या उंच जागा थोड्या थोड्या खरवडायच्या आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली. आडव्या लावून, उभ्या लावून, पुन्हा पुन्हा. तिन्ही जोड्या सगळ्या बाजूंनी जुळल्या की समजायचं, तिन्ही सपाट आहेत. कारण तिघींनी एकमेकींशी जुळायचं तर सपाट होण्यावाचून दुसरा मार्गच उरत नाही! आधीची कुठलीही सपाट वस्तू लागली नाही. जगातल्या पहिल्या सपाट पाट्या तिघींनी एकमेकींना तपासत, सुधारत घडवल्या.

हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. विटेचे हाताएवढे तीन तुकडे घ्या. त्यांच्यावर खडूने १, २, ३ लिहा. अंगणात बसा, शेजारी पाण्याची बादली ठेवा. तुकडे ओलेच ठेवायचे, म्हणजे धूळ उडणार नाही. १ आणि २ एकमेकांवर पन्नास वेळा घासा, मग २ आणि ३, मग ३ आणि १. प्रत्येक फेरीत वरचा तुकडा खाली घ्या आणि थोडा फिरवा. मधूनमधून तुकडा वाळवून त्यावर पेन्सिलीने रेघा मारा, आणि पुढच्या घासणीत कुठल्या रेघा राहतात ते पाहा. शेवटी पट्टीची कड लावून उजेडात तपासा. आणि हो, आणखी एक जोडी फक्त दोन तुकड्यांची करून बघा. त्यात वरचा तुकडा नेहमी वरच ठेवा. फरक तुमच्या हाताला कळेल.

आता सुरुवातीच्या त्या दोन पट्ट्यांकडे या. उजेड दिसला नाही म्हणून दोन्ही सरळ, असं म्हणाल का? नाही ना? काय कराल? बरोबर, तिसरी पट्टी आणाल.

हे फक्त पट्ट्यांचं नाही. गणिताचं उत्तर शेजारच्याशी जुळलं की आपण खूश होतो. पण त्याने तुमचं पाहून लिहिलं असेल तर? किंवा दोघांनी एकच चूक केली असेल तर? दोन जिवलग मैत्रिणी एखाद्या तिसरीबद्दल एकसारखंच वाईट बोलतात. त्यांचं जुळतं, म्हणून ते खरं असतं का? रोज एकमेकांच्या सहवासात आपण नकळत एकमेकांसारखे होत जातो, त्या ठोकळ्यासारखे आणि स्टँडसारखे. म्हणून कधीमधी तिसऱ्याला विचारावं. तो जरा वेगळा असावा, आपल्याशी न घासलेला असावा. त्याच्यासमोर आपण डुगडुगलो तर रागवायचं नाही. उंचवटा कुठं आहे ते बघायचं आणि तेवढाच काढायचा.

पुढच्या आठवड्यासाठी कोडं घ्या. तीन पाट्यांनी सपाट पृष्ठभाग मिळाला. मग अगदी बरोबर काटकोन हवा असेल, आणि जवळ एकही गुण्या नसेल, तर काय कराल? कागदाची एक घडी तुम्हाला मदत करील. उत्तर कळवा, आणि विटांचं काय झालं तेही लिहा. वाट पाहते!